शके ९८२ : उत्तर कोकणाच्या इतिहासातील एक वर्ष

शके ९८२ या एकाच वर्षाचे दोन कोरीव लेख उत्तर कोकणात मिळाले आहेत. पहिला अंबरनाथच्या शिवालयात, उत्तरेकडील दाराच्या तुळईवर आतल्या बाजूने खोदलेला आहे. त्याची भाषा संस्कृत आहे. दुसरा आजच्या रायगड जिल्ह्यातील दिवेआगरचा ताम्रपट. त्याची भाषा मराठी आहे. एका लेखात राजा, मंत्री आणि देवालय आहे, तर दुसऱ्यात गावातले ब्राह्मण आणि सोने. या वर्षी ठाण्याच्या शिलाहार घराण्याचा मुम्मुणी उर्फ मांवाणी हा राजा उत्तर कोकणावर राज्य करीत होता. अकराव्या शतकातील कोकणाबद्दल आज जे काही सांगता येते, त्यातला मोठा भाग अशा थोड्या ओळींवर उभा आहे. म्हणूनच त्यांतील एखादा अंक किंवा एखादा शब्द वेगळा वाचला गेला की सगळी मांडणी हलते. या वर्षाविषयी काय निश्चित झाले आहे, कोणत्या प्रश्नांवर मतभेद आहेत आणि ते मतभेद कशामुळे मिटत नाहीत, याचा हा आढावा आहे.

पार्श्वभूमी

उत्तर कोकणातील शिलाहार मूळचे राष्ट्रकूटांचे सामंत होते. पहिला कपर्दी नवव्या शतकाच्या आरंभी होऊन गेला. त्याचा मुलगा पुल्लशक्ती आणि नातू दुसरा कपर्दी यांची नावे कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत येतात. या घराण्याच्या ताब्यातील प्रदेशाला ताम्रपटांत चौदाशे गावांचे कोकण म्हटले आहे आणि त्यातील मुख्य नगर म्हणून ‘पुरी’चा उल्लेख येतो. ही पुरी नेमकी कोणती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. काहींच्या मते ती घारापुरी, काहींच्या मते जंजिऱ्याजवळची राजपुरी. प्रत्यक्ष कारभार मात्र अकराव्या शतकात ठाण्याहून, म्हणजे लेखांतील श्रीस्थानकाहून चालत होता, असे दिसते.

दहाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात राष्ट्रकूट सत्ता संपली. शिलाहार राजा अपराजित याच्या ९९७ च्या भादाणे ताम्रपटात या अस्ताबद्दल उघड हळहळ व्यक्त झाली आहे. स्वामीचे घराणे बुडाल्यावर त्याच्याविषयी इतक्या आस्थेने लिहिणारा सामंत विरळाच. भिवंडीजवळच्या भादाणे गावाचे हे दान लोनाड येथील लोणादित्य या सूर्यदेवतेसाठी होते. म्हणजे अंबरनाथच्या पंचक्रोशीत देवालयांना राजाश्रय मिळण्याची परंपरा १०६० च्या साठेक वर्षे आधीपासून चालू होती.

अपराजितानंतर दुसरा वज्जड आणि त्याचा भाऊ अरिकेसरी यांनी राज्य केले. अरिकेसरीचा ठाणे ताम्रपट १०१७ चा आहे. पुढची तीन नावे वज्जडाच्या तीन मुलांची आहेत. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. छित्तराजाचा भांडुप ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ.स. १०२६ चा असून त्यात षट्षष्टी, म्हणजे आजची साष्टी, या विषयातील शेताचे दान नोंदले आहे. नागार्जुनाचा ठाणे ताम्रपट शके ९६१ चा, म्हणजे १०३९ चा आहे. मुम्मुणीचे लेख १०४९ च्या सुमारास सुरू होतात. या तिन्ही भावांच्या दरबारी सोड्ढल हा लाट देशातील कायस्थ कवी राहिला होता. ‘उदयसुंदरीकथा’ या आपल्या चंपूग्रंथात त्याने या तीन राजांचा उल्लेख केला आहे. ताम्रपटातील वंशावळीला दरबारी साहित्यातून असा दुजोरा मिळण्याचे प्रसंग कोकणात फार थोडे आहेत.

छापील माहितीपत्रकांतून मुम्मुणीला छित्तराजाचा मुलगा म्हटलेले अनेकदा आढळते. ताम्रपटांतील वंशावळ पाहता हे चूक आहे. चूक लहान दिसली तरी मंदिर कोणी बांधले, या पुढच्या वादात तिचा परिणाम होतो, म्हणून ती आधीच दुरुस्त करून घेतलेली बरी.

एका अंकाचा प्रश्न

अंबरनाथचे मंदिर अभ्यासकांच्या नजरेत आले ते १८६८ मध्ये. त्या वर्षी सरकारच्या आदेशाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या पथकाने टेरी यांच्या देखरेखीखाली मंदिराची रेखाटने आणि शिल्पांचे साचे तयार केले. दारावरच्या तुळईवरील लेखाकडे याच सुमारास विद्वानांचे लक्ष गेले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रथम वाचला आणि त्याचे वर्ष शके ७८२ असे दिले. तसे असेल तर मंदिर इ.स. ८६० चे ठरते आणि दुसऱ्या कपर्दीच्या काळात जाते.

पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखाचा नवा ठसा आणि नवे वाचन प्रसिद्ध केले. त्यांनी शेकड्याच्या स्थानी सातऐवजी नऊ वाचला. वर्ष शके ९८२ झाले आणि मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले. या दुरुस्तीला अक्षरांच्या वळणाइतकाच आधार लेखातील राजनामांचा आहे. छित्तराज हे नाव लेखात आहे आणि छित्तराजाचा स्वतःचा ताम्रपट शके ९४८ चा आहे. शके ७८२ मध्ये या नावाच्या राजाला जागाच उरत नाही. इतर ताम्रपटांशी मेळ घातल्यावर ९८२ हेच वर्ष बसते. डॉ. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या सर्व लेखांचे जे संपादन केले, त्यातही हेच वर्ष स्वीकारले आहे. १९७४ चा त्यांचा ‘शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख’ हा मराठी ग्रंथ आजही या विषयात पहिल्यांदा उघडला जातो.

अंकाचा वाद मिटला, तरी इसवी सनाचे वर्ष थोडे सरकते राहिले. जुन्या लेखांत शकाचे वर्ष कधी ‘गत’, म्हणजे पूर्ण झालेले, तर कधी ‘वर्तमान’, म्हणजे चालू असलेले दिलेले असते. ९८२ हे गत वर्ष मानले तर ते चैत्रापासून इ.स. १०६०-६१ शी जुळते. वर्तमान मानले तर १०५९-६० शी. जुन्या गॅझेटियरमध्ये आणि नंतरच्या ग्रंथांत १०५९ आणि १०६० ही दोन्ही वर्षे दिसतात, त्याचे कारण हेच आहे. बहुतेक अभ्यासक आता १०६० हे वर्ष धरतात आणि पुढच्या विवेचनातही तेच धरले आहे.

‘भवन’ कोणाचे?

लेखात मुम्मुणीला ‘महामंडलेश्वर’ ही पदवी लावली आहे. पाठोपाठ त्याच्या मंत्र्यांची आणि अधिकाऱ्यांची नावे येतात. वाकडैय, जोगलैय यांसारखी ‘ऐय’कारान्त नावे वाचताना कोकणी कानाला ती वेगळी वाटतात. शिलाहारांच्या कारभारात कर्नाटकातून आलेल्या कुळांचा भरणा होता, हे मत अशा नावांवरून पुढे आले आहे. राजघराण्याचे तगरपूरशी नाते सांगणारे ‘तगरपुरपरमेश्वर’ हे बिरुदही देशावरच्या मूळ वस्तीकडे बोट दाखवते. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर.

अधिकाऱ्यांच्या नावांनंतर लेखाचा गाभा येतो. छित्तराजदेवाचे ‘भवन’ या वर्षी सिद्ध झाले, असा त्याचा आशय आहे. वादाचे मूळ याच शब्दात आहे, कारण संस्कृतात भवन म्हणजे घर, वाडा आणि देवालयही. त्यातच छित्तराज १०६० मध्ये हयात नव्हता. त्याच्यानंतर नागार्जुन आणि मग मुम्मुणी गादीवर आला होता. मग त्याच्या नावाचे भवन या वर्षी कसे?

यावर तीन उत्तरे दिली गेली आहेत. पहिल्या मतानुसार मंदिराची सुरुवात छित्तराजाने केली. काम मोठे होते, ते तिघा भावांच्या राजवटींत चालत राहिले आणि मुम्मुणीच्या काळात पुरे झाले. मंदिराचा आकार, बाहेरच्या भिंतींवरील शिल्पांची दाटी आणि काळ्या कातळातील कोरीवकामाची बारकाई पाहिली तर दोन-तीन दशके हा काळ अवास्तव वाटत नाही. दुसरे मत असे की मुम्मुणीने दिवंगत भावाच्या स्मरणार्थ मंदिर उभारले आणि म्हणून त्याला छित्तराजाचे नाव दिले. राजाच्या किंवा राणीच्या नावाने शिवलिंग स्थापण्याची चाल मध्ययुगात सर्वत्र होती, हा या मताचा आधार. तिसरे मत भवन या शब्दाचा अर्थ देवालयाच्या आवारातील वास्तू किंवा वाडा असा घेते. तसे घेतले तर १०६० हे वर्ष मंदिराचे न राहता आवारातील एखाद्या बांधकामाचे किंवा जीर्णोद्धाराचे होते आणि मंदिर त्याहून जुने असण्याची शक्यता उरते.

तिसऱ्या मताला एक अडचण आहे. लेख मंदिराच्याच तुळईवर आहे. दुसऱ्या इमारतीची नोंद मंदिराच्या दारावर खोदण्याचे प्रयोजन समजावून सांगणे कठीण जाते. पहिल्या आणि दुसऱ्या मतांत निवड करायला मात्र लेखातील शब्द पुरत नाहीत. बांधकामाच्या थरांचा अभ्यास, म्हणजे मंडपाचे आणि गर्भगृहाचे दगड एकाच वेळी एकमेकांत गुंफले गेले की वेगवेगळ्या वेळी, हे पाहणे हाच पुढचा मार्ग आहे. सध्या पहिले मत अधिक मान्य आहे आणि उपलब्ध पुराव्याला तेच जास्त जवळचे आहे.

लेखात देवाचे नाव ‘आम्रनाथ’ असे वाचले जाते. आजचे ‘अंबरनाथ’ हे त्याचे बोलीतील रूप की अंबर म्हणजे आकाश यावरून पडलेले दुसरे नाव, हा प्रश्न त्याला जोडूनच येतो. गर्भगृहावर शिखर नसल्याने आत उभे राहिले की वर आकाश दिसते. त्यामुळे दुसरी व्युत्पत्ती लोकांना पटते. पण आम्र या शब्दापासून ‘अंब’ होणे मराठीत अगदी स्वाभाविक आहे. आंबा हा शब्द तसाच झाला आहे. मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, ही परिसरातील कथा याहून वेगळ्या धाटणीची आहे. शिखर अपुरे का राहिले, याचे लोकांनी दिलेले उत्तर म्हणून तिची नोंद घ्यावी लागते.

राजकीय चित्र

‘महामंडलेश्वर’ ही पदवी सामंताची आहे. मुम्मुणी कोणाचा सामंत होता, हे त्याच्या लेखांवरून स्पष्ट होत नाही. या वर्षी दख्खनची मुख्य सत्ता कल्याणीच्या चालुक्यांची होती. पहिला सोमेश्वर, बिरुद आहवमल्ल, १०४२ पासून राज्य करीत होता. त्याचा बाप दुसरा जयसिंह याने सात कोकणांच्या अधिपतींचे सर्वस्व हरण केल्याचे १०२४ च्या मिरज ताम्रपटात म्हटले आहे. सोमेश्वराचे लक्ष मात्र १०६० च्या आसपास दक्षिणेकडे लागलेले होते. १०५४ मध्ये कोप्पमच्या लढाईत चोळ राजा राजाधिराज मारला गेला आणि त्याचा भाऊ दुसरा राजेंद्र याने रणांगणातच अभिषेक करून घेऊन लढाई सावरली. पुढची काही वर्षे तुंगभद्रेच्या काठावर हे वैर पेटलेलेच राहिले. घाटाखालच्या सामंताला अशा काळात बरीच मोकळीक मिळत असावी, असे मानायला जागा आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांत चालुक्यांना स्वामी म्हणून मान देण्याचा उत्साह दिसत नाही, हेही या संदर्भात बोलके आहे.

उत्तरेकडील चित्र नुकतेच बदलले होते. माळव्याच्या परमार भोजाने १०२० च्या सुमारास कोकण जिंकल्याचा उत्सव केला, असे त्याच्याच दानपत्रांवरून कळते. पण परमारांचा अंमल इथे फार काळ टिकला नाही. १०२४ पासून छित्तराजाची दानपत्रे पुन्हा मिळू लागतात. १०५५ च्या सुमारास भोज वारला आणि माळव्यावर कलचुरी कर्ण व गुजरातचा पहिला भीमदेव यांचा दाब आला. १०६० मध्ये ठाण्याला उत्तरेकडून तातडीचा धोका होता असे दिसत नाही.

खरा प्रतिस्पर्धी दक्षिणेकडे उभा राहत होता. गोव्याच्या कदंबांनी समुद्रावरील व्यापाराच्या बळावर झपाट्याने सत्ता वाढवली होती. ११२५ च्या नरेंद्र येथील शिलालेखात एक जुनी आठवण नोंदली आहे. कदंब राजा षष्ठदेव जलमार्गाने ठाण्याला आला, मुम्मुणीने त्याला सन्मानाने वाड्यात नेले आणि आपली मुलगी त्याला दिली, असे तो लेख सांगतो. षष्ठदेवाचा मुलगा पहिला जयकेशी याच्याबद्दल मात्र कदंब लेखांचा सूर पालटतो. त्याने ‘कापर्दिक’ राजाला ठार मारले, असे ते सांगतात. कापर्दिक म्हणजे कपर्दीच्या वंशातला, अर्थात उत्तर कोकणचा शिलाहार, ही ओळख सर्वसाधारणपणे मान्य आहे.

मारला गेलेला राजा कोण, यावर मतभेद आहेत. तो मुम्मुणीच असावा, असे मानणाऱ्यांचा आधार कालक्रमाचा आहे, कारण जयकेशीची राजवट आणि मुम्मुणीची अखेर जवळजवळ येतात. दुसरा पक्ष सावध आहे. शत्रूचा वध केल्याचे दावे प्रशस्तीत सढळ हाताने केले जातात आणि शिलाहारांच्या बाजूने याला कसलाही दुजोरा नाही, असे तो म्हणतो. अंबरनाथचा लेख या वादाला एक मर्यादा घालून देतो. मुम्मुणी शके ९८२ मध्ये हयात होता. तेव्हा त्याचा वध झालाच असेल, तर तो या वर्षानंतरचा. अशा तऱ्हेने मंदिराच्या तुळईवरील एक तारीख गोव्याच्या इतिहासालाही उपयोगी पडते.

भूमिज शिखर आणि माळव्याचे नाते

वालधुनी नदीच्या काठी असलेले हे शिवालय पश्चिमाभिमुख आहे. सभामंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन बाजूंनी मुखमंडप आहेत. सभामंडपातून वीसेक पायऱ्या उतरल्यावर खोल गर्भगृह लागते. शैलीच्या दृष्टीने मंदिर भूमिज प्रकारचे आहे. या प्रकारात शिखराच्या चार बाजूंवरून चार पट्टे, म्हणजे लता, वर जातात आणि त्यांच्यामधल्या चतुर्थांशांत लहान-लहान शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या असतात. भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात या प्रकाराचे वर्णन आहे.

भूमिज शैली माळव्यातून कोकणात आली का, हा कलेतिहासातला महत्त्वाचा प्रश्न आहे. परमारांचे कोकणावरील आक्रमण, भोजाचा स्थापत्यशास्त्रातील रस आणि विदिशेजवळच्या उदयपूरचे उदयेश्वर मंदिर ही तीन कारणे माळव्याच्या बाजूने दिली जातात. पण उदयेश्वराशी संबंधित तारखा १०५९ ते १०८० या काळातल्या आहेत. म्हणजे तिथे काम सुरू होत असताना अंबरनाथचे काम पुरे होत होते. लेखाने काळ ठरलेल्या आणि आज उभ्या असलेल्या भूमिज मंदिरांत अंबरनाथचे स्थान अगदी आरंभीचे आहे. त्यामुळे एका प्रदेशाने दिले आणि दुसऱ्याने घेतले, ही सरळ मांडणी आता टिकत नाही. माळवा, नाशिककडचा सेऊणदेश आणि कोकण यांच्यामध्ये हिंडणारे कारागीरांचे गट आणि त्यांच्यात वाढलेली सामाईक परंपरा, असे चित्र अधिक शक्य वाटते. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर हे याच परंपरेचे पुढचे मोठे उदाहरण आहे.

शिखर पूर्वी होते आणि पडले की ते कधी पुरेच झाले नाही, यावरही दोन मते आहेत. शिखराचा खालचा भाग जागेवर आहे, वरचा नाही. पडलेल्या शिखराचे जितके दगड आवारात मिळायला हवेत तितके मिळत नाहीत, असे अपूर्णतेच्या बाजूने म्हटले जाते. दगड शतकानुशतके इतरत्र नेले जातात, हे त्याला उत्तर. कोकणातल्या कोणत्याही जुन्या गावात घराच्या जोत्यात किंवा तळ्याच्या पायरीत कोरीव दगड दिसतो, तेव्हा हे उत्तरही दूर सारता येत नाही.

बाहेरच्या भिंतींवर शिवाची अनेक रूपे आहेत, देवी आहेत, चामुंडा आहे. या शिल्पांचा क्रम मनमानी नसून शैव आगमांतील कल्पनांना धरून आहे, अशा दिशेने अलीकडे अभ्यास झाला आहे. डॉ. कुमुद कानिटकर यांचा अंबरनाथ शिवालयावरील ग्रंथ या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हेन्री कझिन्स यांनी १९३१ च्या दख्खनी मंदिरांवरील ग्रंथात मंदिराचे स्थापत्य नोंदले होते. शिल्पांच्या धार्मिक अर्थाकडे वळायला त्यानंतर बराच काळ जावा लागला.

एकाच किनाऱ्यावरचे धर्म

शिलाहार राजे शैव होते. त्यांच्या ध्वजावर सुवर्णगरुड होता आणि ते स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवीत. नागाला वाचवण्यासाठी गरुडापुढे स्वतःचा देह ठेवणारा जीमूतवाहन हा मूळचा बौद्ध कथांशी जवळीक असलेला नायक आहे. शैव राजाने असा पूर्वज निवडावा, हे त्या काळातील श्रद्धांची सरमिसळ दाखवते. नवव्या शतकात कान्हेरीच्या भिक्षूंसाठी दाने नोंदली गेली ती याच घराण्याच्या राजवटीत. १०६० पर्यंत बौद्ध विहारांचा तो बहर ओसरला होता.

त्याच कान्हेरीत १००९ आणि १०२१ या वर्षांचे पहलवी भाषेतील लेख आहेत. लेणी पाहायला आलेल्या पारशांनी आपली नावे तिथे नोंदवली. शिलाहारांच्या ताम्रपटांत ‘हंयमन’ नावाच्या नगराच्या नागरिकांना उद्देशून आज्ञा दिलेल्या आढळतात. हे नाव म्हणजे संजाण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींनी त्याचा संबंध पारशांच्या ‘अंजुमन’ या शब्दाशी जोडला आहे. दोन्ही अर्थांनी पारशी वस्तीला राजदरबारी स्थान होते असेच निघते. फरक उरतो तो हे गावाचे नाव होते की समाजाचे, एवढाच.

अरब व्यापाऱ्यांचाही वावर जुना होता. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी चौलला येऊन गेला आणि तिथल्या मोठ्या मुस्लिम वस्तीचे वर्णन त्याने लिहून ठेवले. ९२६ च्या चिंचणी ताम्रपटावरून संजाणचा कारभार राष्ट्रकूटांनी मधुमती, म्हणजे मुहंमद, नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे सोपवला होता आणि त्याच्या अमलाखाली देवीच्या मठाला दान मिळाले, असे कळते. गोव्यात अकराव्या शतकाच्या मध्यावर जयकेशीने अरब वंशाच्या एका जहाजमालक घराण्यातील माणसाला मोठे अधिकारपद दिले होते आणि तिथल्या मशिदीसाठी व्यवस्था लावून दिली होती. अंबरनाथच्या तुळईवर मुम्मुणीचे नाव कोरले गेले, तेव्हाचा कोकण किनारा असा होता.

दिवेआगरचा ताम्रपट

अंबरनाथच्या लेखाबरोबर दिवेआगरचा ताम्रपट वाचला तर या वर्षाची दुसरी बाजू दिसते. त्यात राजाची प्रशस्ती नाही. गावातल्या ब्राह्मणांमध्ये सोन्याच्या ठेवीसंबंधी जी व्यवस्था ठरली, तिची नोंद आहे. घैसास, षडंगवी अशी उपनावे त्यात येतात. कोकणातील काही घराण्यांच्या उपनावांचा इतका जुना पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

मराठी भाषेच्या इतिहासात या ताम्रपटाला विशेष मान आहे. आद्य मराठी लेख कोणता, हा वाद जुना आहे. अलिबागजवळच्या अक्षी येथील शिलालेखाचे वर्ष डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असे मानले. ते वाचन सर्वांना मान्य नाही. काहींच्या मते लेख सुमारे दोन शतकांनी अलीकडचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील कुडल येथील लेख शके ९४० चा आहे. दिवेआगरचा क्रम या यादीत पहिला नसला, तरी मजकुराच्या दृष्टीने त्याचे मोल वेगळे आहे. दानाची एखादी ओळ किंवा शाप एवढ्यावर न थांबता तो व्यवहाराची भाषा समोर ठेवतो. राजदरबार संस्कृतात लिहीत होता, त्याच वर्षी गावातला करार मराठीत होत होता. मराठी कधीपासून लिखित व्यवहाराची भाषा झाली, या प्रश्नावर अभ्यासक त्यामुळे या ताम्रपटाकडे पुन्हा-पुन्हा येतात.

१०६० नंतर

मुम्मुणीचा यापुढचा लेख उपलब्ध नाही. नंतरची निश्चित तारीख १०८१ ची आहे, ती साष्टीतील विहार येथील लेखाची. तेव्हा नागार्जुनाचा मुलगा अनंतदेव राज्यावर होता. मधल्या वीस वर्षांविषयी जे सांगता येते, ते अनंतदेवाच्या शके १०१६, म्हणजे १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटावरून. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी हा ताम्रपट प्रसिद्ध केला. भाऊबंदांच्या वैरामुळे संकट ओढवले असता दुष्टांनी कोकण उद्ध्वस्त केले, देवांना आणि ब्राह्मणांना छळले आणि अनंतदेवाने त्यांना तलवारीच्या धारेने नाहीसे केले, असे त्यात म्हटले आहे.

भाऊबंद कोण, हा पहिला प्रश्न. काकाच्या मुलांशी अनंतदेवाचा झगडा झाला असावा, असा तर्क सहज सुचतो, पण मुम्मुणीला मुलगे होते की नाही याचा लेखी पुरावा नाही. आक्रमण करणारे कोण, हा दुसरा. एका मताप्रमाणे ते गोव्याच्या कदंबांचे सैन्य होते आणि त्यात अरब खलाशी व सैनिक असल्याने त्यांच्यावर देवब्राह्मणांना छळल्याचा आरोप आला. दुसऱ्या मताप्रमाणे हे समुद्रमार्गे आलेले स्वतंत्र आक्रमक. पहिले मत ‘कापर्दिक’ राजाच्या वधाशी जुळते: मुम्मुणी मारला गेला, घराण्यात फूट पडली, कदंबांनी उत्तर कोकण काही काळ ताब्यात ठेवले आणि अनंतदेवाने ते परत मिळवले, अशी सलग कथा त्यातून तयार होते. कथा सलग आहे खरी, पण तिचे दुवे तीन वेगवेगळ्या लेखांतून जोडलेले आहेत आणि त्यांतल्या दोन लेखांत शिलाहार राजाचे नाव घेतलेले नाही.

अंबरनाथचे शिखर या धामधुमीत अपुरे राहिले असेल का, हा प्रश्नही याच जागी येतो. १०६० मध्ये भवन सिद्ध झाल्याचे लेख सांगतो. त्यात शिखर पूर्ण झाल्याचा वेगळा निर्देश नाही. दारावर लेख खोदून वास्तू वापरात आणायची आणि शिखराचे काम मागाहून चालू ठेवायचे, ही पद्धत मध्ययुगीन मंदिरांत अपरिचित नव्हती. तसे झाले असेल तर काम थांबण्याचा काळ १०६० आणि १०८१ यांच्यामध्ये पडतो. अंबरनाथचे आवार संरक्षित असले तरी त्याच्याभोवतीच्या जमिनीचे पद्धतशीर उत्खनन झाल्याशिवाय ढासळलेल्या शिखराचे दगड जमिनीत आहेत की नाहीत, याचा निकाल लागणार नाही.